उडत्या बॉम्बची शिवण

शिवणाचा वर्ग सुटला की जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे राहतात. कोणता तुकडा कोणाचा, हे सांगता येत नाही. पण केर भरायला घेतला की सूप भरते. आमच्या गुरुवारच्या शेडमधले किस्से असेच साचले आहेत. परवा सूनबाई म्हणाली, "आई, लिहूनच ठेवा आता. दर पाहुण्याला पहिल्यापासून सांगता!" सूचना योग्य होती. यातला एकही किस्सा ऐकीव नाही. जिथे मी हजर नव्हते, तिथले मी काही सांगत नाही.

आधी शेडविषयी. ऑकलंडच्या दक्षिणेला, गवताळ धावपट्टीच्या कडेला, जुन्या विमानांचे एक लहानसे म्युझियम आहे. दर गुरुवारी आम्ही पाच-सहा स्वयंसेवक तिथे जमतो. आमच्या वयांची बेरीज कोणी करू नये. तिथले मुख्य आकर्षण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला एक जर्मन उडता बॉम्ब. आखूड पंख, पाठीवर धुराड्यासारखे जेट इंजिन, आणि आत माणूस नाही. समुद्रापलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सोडला की फटफटत लंडनपर्यंत जायचा. नाकावर एक छोटा पंखा असे. त्याचे ठरलेले फेरे भरले की बॉम्ब नाक खाली करी, इंजिन बंद पडे आणि तो कोसळे. लंडनचे लोक त्याला डूडलबग म्हणत. न्यूझीलंडच्या वैमानिकांनी असे पुष्कळ बॉम्ब हवेतच पाडले, म्हणून इथे त्याचे अप्रूप.

आमचा बॉम्ब अर्थातच रिकामा आहे. हे आधीच सांगितलेले बरे. मी एकदा सांगायचे विसरले, त्याची हकीकत पुढे येईल.

*

मी बॉम्बसाठी तिथे गेलेच नव्हते. मी जुनी मॅट्रिक, आणि मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षे शिवण शिकवलेली. मिलिंदकडे, म्हणजे मुलाकडे, ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात राहायला आले, तर घरात चार बाथरूम आणि उसवलेला कपडा एकही नाही! सूनबाईने कुठेतरी वाचले की म्युझियमला हाताने शिवणारी माणसे हवी आहेत. जुन्या दुपंखी विमानांच्या पंखांवर कापड ताणून शिवावे लागते. मी गेले.

तिथे ग्रॅहम होता. निवृत्त विमान-मेकॅनिक. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे, म्हणून एकेरी लिहिते. त्यात अनादर नाही. चाळीस वर्षांत त्याने आवळलेला एकही स्क्रू सैल निघाला नाही, अशी त्याची ख्याती. त्याने मोठ्या अभिमानाने स्वतः शिवलेला पंख दाखवला. "कसा वाटतो?"

मी पर्समधून छोटी कात्री काढली आणि हातभर शिवण उसवली.

ग्रॅहम लालबुंद झाला. "मॅडम, त्याला मला दोन दिवस लागले होते!"

"दिसतंय," मी म्हटले. "आता आणखी दोन लागतील. मी शेजारी बसते."

मग त्याने माझे पहिले नाव विचारले. या देशात डॉक्टरपासून मंत्र्यापर्यंत सर्वांना पहिल्या नावाने हाक मारतात. मी सांगितले, "नाव शकुंतला. पण ते तुमच्या वापरासाठी नाही. मला मिसेस खरात म्हणायचं."

त्याने तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी मलाच त्याची दया आली. तेव्हापासून मी मिसेस के.

*

आमच्यातला एक स्वयंसेवक वारला. अंत्यविधीला सगळे गेलो. पाद्री बोलत होते आणि त्यांच्यासमोरचा कागद ठेवायचा स्टँड प्रत्येक वाक्याला डुगडुगत होता. मध्येच ग्रॅहम उठला. सर्वांना वाटले, मित्राविषयी दोन शब्द बोलणार.

त्याने सुटाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघे टेकले, दोन स्क्रू आवळले आणि जागेवर येऊन बसला.

गेलेल्या मित्राची पत्नी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजचं सगळ्यात चांगलं भाषण!"

*

पंख शिवून झाले, पण माझे जाणे थांबले नाही. बॉम्ब कोणी नीट पुसत नसे. ते काम मी घेतले. पुढे शाळेची मुले आली की त्यांना माहितीही मीच सांगू लागले.

तर एकदा जवळच्या पापाटोएटोला भाजीच्या दुकानात मालकाने विचारले, "काय माताजी, हल्ली गुरुवारी दिसत नाही?" गुरुवारी तिथे मेथी येते.

"गुरुवारी मी बॉम्ब पुसते," मी म्हटले.

त्याचा हात कोथिंबिरीवरच थांबला. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी ट्रॉली तिथेच सोडली!

घरी पोहोचेपर्यंत मिलिंदला तीन फोन येऊन गेले होते. "आई, असं चारचौघांत मोठ्याने बोलायचं नसतं गं!"

"मी काय खोटं बोलले?"

"खोटं नाही. पण निदान तो रिकामा आहे, एवढं तरी सांगायचं!"

नात रिया सोफ्यावरून म्हणाली, "डॅड, लेट हर बी. आजी इज सो कूल." तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. त्या दिवशी मी ते चालवून घेतले.

*

म्युझियमला नवा मॅनेजर आला. क्रेग. पंचेचाळिशीचा, उत्साही, नेहमी घाईत. त्याने बॉम्बपाशी एक बटन बसवले. दाबले की खालच्या स्पीकरमधून इंजिनचा आवाज येतो. इतका मोठा की शेडचा पत्रा थरथरतो. मुले बटन सोडतच नसत.

आमच्यात जॉइस आहे. नव्वदी केव्हाच ओलांडली आहे. लहानपणी लंडनमध्ये ती या बॉम्बखाली राहिलेली. क्रेगने तिला बोलावून बटन दाबून दाखवले. "कसं आहे, जॉइस? ऑथेंटिक?"

"आवाज बरोबर आहे," जॉइस म्हणाली. "पण भीती चुकलीय. आवाज येत होता तोवर आम्ही जेवत होतो. तो थांबला की मग चमचे खाली ठेवायचो. आता कुठे पडणार?"

"पण जॉइस, आवाजानंतर नुसती शांतता ठेवली तर लोकांना वाटेल मशीन बिघडलं!"

"आम्हालाही तेच वाटावं अशी फार इच्छा असे," जॉइस म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवले.

पुढच्या गुरुवारपासून मी नियम केला. आवाज थांबला की मुलांनी हलायचे नाही. मनात बारापर्यंत मोजायचे. पहिल्याच दिवशी तीस मुले पुतळ्यासारखी उभी राहिली. त्यांची बाई हळूच माझ्याजवळ आली. डोळे पुसत होती. मी म्हटले, "वाईट वाटलं ना, युद्धाचं?"

"नाही हो," ती म्हणाली. "वर्षभरात ही मुलं पहिल्यांदा गप्प बसलीत!"

*

आमच्या बुद्धविहारातल्या बायका एका गुरुवारी डबे घेऊन म्युझियम पाहायला आल्या. मी त्यांना मराठीतून सर्व समजावले. मंदाताई, ज्यांचा जावई न्यू लिनला असतो, त्यांनी बॉम्बभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "हे बनवलं कोणी?"

म्हटले, "जर्मनांनी."

"तसं नाही हो, बाई. हातानं कोणी बनवलं? पत्रा कोणी ठोकला?"

मी शिक्षिका. उत्तर माहीत नसताना बोलायची सवय नाही. घरी येऊन रियाकडून वाचून घेतले. पुढच्या वेळी मंदाताईंना सांगितले: यातले पुष्कळसे बॉम्ब डोंगराच्या पोटात खोदलेल्या कारखान्यात, धरून आणलेल्या कैद्यांकडून करून घेतले होते. मजुरी नाही, ऊन नाही, धड अन्न नाही. माणसे तिथेच मेली.

"म्हणजे वेठच की," मंदाताई म्हणाल्या.

वेठ. माझ्या वडिलांना दौऱ्यावर आलेल्या साहेबाचे सामान डोक्यावरून पुढच्या गावापर्यंत न्यावे लागे. पेटीवर साहेबाचे नाव लिहिलेले असे. वाहणाऱ्याचे नाव कुठे असणार?

त्या दिवसापासून माझ्या माहितीचा शेवट बदलला. आधी इंजिन, मग वेग, मग लंडन, मग वैमानिक. आणि शेवटी, हे ज्यांच्या हातांनी झाले ती माणसे.

ते क्रेगच्या कानावर गेले. तो एक प्लास्टिकबंद कार्ड घेऊन आला. "मिसेस के, दोन मिनिटांत एवढंच सांगायचं. लांबी, वजन, वेग, इंजिन, आवाज, शांतता. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास! लोक सुट्टीच्या मूडमध्ये येतात. थोडं पॉझिटिव्ह ठेवू या."

मी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचले. "क्रेग, बॉम्बची पॉझिटिव्ह बाजू कोणती, तेवढी खूण करून दे."

*

आता शिवणीविषयी.

नव्या हंगामाच्या उद्घाटनासाठी क्रेगला बॉम्ब चकचकीत हवा होता. ग्रॅहमने पाठीवरचे इंजिन पेलणाऱ्या पुढच्या खुंटाजवळचे एक झाकण उघडले. आत दोन पत्रे जोडणारी वेल्डिंगची लांब रेघ होती. पाहून तो वैतागला. "कोणत्या गाढवाने केलंय हे! इथे बघा, वरून नुसतं लिंपलंय. आत धातू धरलाच नाही." आणि त्याने घासायचे मशीन हातात घेतले. खराब भाग घासून टाकायचा, नवे वेल्डिंग भरायचे, रंग मारायचा.

मी चष्मा पुसला आणि आत डोकावले. "ग्रॅहम, ते मशीन खाली ठेव."

"का?"

"रेघ इकडून तिकडे बघ. सगळी कशी आहे?"

त्याने टॉर्च फिरवला. "सुरेख आहे. एकसारखी. फक्त चार बोटं खराब."

"आणि त्या चार बोटांवर काय येतं?"

ग्रॅहमने टॉर्च वरच्या खुंटाकडे वळवला. मग म्हणाला, "इंजिनचा सगळा हादरा."

तेव्हा मी त्याला माझ्या शाळेतली गोष्ट सांगितली. एका वर्षी आमच्या मुख्याध्यापकांच्या पत्नीने 'प्रॅक्टिकल' म्हणून स्वतःचे ब्लाउज माझ्या वर्गातल्या मुलींकडून शिवून घेण्याचा प्रघात पाडला. फुकट, आणि वर नावे ठेवीत. माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी यमुना, तिने एक ब्लाउज शिवला. गळा अप्रतिम, हुक सरळ रेषेत. बक्षीस-समारंभात बाईंनी हार घालायला हात वर केला आणि काखेतली शिवण टर्रकन गेली!

मुख्याध्यापकांनी मला विचारले, "या मुलीला शिवण येत नाही काय?"

मी म्हटले, "येते." आणि यमुनाला पूर्ण गुण दिले.

ज्या मुलीला येत नाही, तिचा टाका सगळीकडे चुकतो. जिला येते आणि शिवायचे नसते, तिचा टाका एकाच ठिकाणी चुकतो. जिथे ताण पडतो तिथे.

ग्रॅहमने मशीनची वायर काढली आणि गुंडाळून ठेवली.

*

क्रेगला हे पटले नाही. "मिसेस के, ही अंदाजाची गोष्ट आहे. पुरावा कुठे आहे?"

"बस इथे," मी म्हटले आणि चहाच्या टेबलावर त्याच्यापुढे कापडाचे दोन तुकडे, सुई आणि दोरा ठेवला. "शीव."

"मी?"

"तू."

मॅनेजर जीभ बाहेर काढून पंधरा मिनिटे शिवत होता. मग दुसऱ्या दोन तुकड्यांवर मी शिवले, आणि मधले तीन टाके मुद्दाम पोकळ घातले. हेनी स्वयंपाकघरातून स्कोन, म्हणजे भाजलेले छोटे पाव, घेऊन आली. हेनी आमची माओरी मैत्रीण. रोज मला "किया ओरा" म्हणायची, मी "जय भीम" म्हणायचे. आता तीच आधी "जय भीम, मिसेस के" म्हणते. तिने काहीच पाहिले नव्हते. मी दोन्ही कापडे तिच्या हातात दिली. "यातलं कोणाला शिवता येत नाही?"

हेनीने दोन्ही ओढून पाहिली. "हे," क्रेगचे दाखवून म्हणाली, "बिचाऱ्या मुलाचं आहे. घरी काही प्रॉब्लेम आहे का त्याच्या?"

"आणि हे दुसरं?"

तिने माझे कापड पुन्हा ओढले. पोकळ टाक्यांपाशी ते फाकले. तिने कापड उजेडात धरले, माझ्याकडे पाहिले. "ही बाई कोणावर तरी चिडलेली आहे."

ग्रॅहमने स्कोनवर लोणी लावता लावता हूं म्हटले.

"तरीही हा पुरावा नव्हे," क्रेग म्हणाला.

"मान्य," मी म्हटले. "मी पुरावा म्हणतच नाही. जे वाचलंय ते एवढंच, की त्या कारखान्यांत काही कैदी मुद्दाम काम बिघडवत, आणि सापडले तर फासावर जात. ही रेघ त्यांच्यातल्या कोणाची, ते मला ठाऊक नाही. पण घासलीस तर पुढे कोणालाच विचारता येणार नाही. त्या माणसाचं नाव नाही, फोटो नाही. चार बोटं आहेत."

म्युझियमच्या कमिटीने मध्यम मार्ग काढला. रेघ घासायची नाही. पण दिसूही द्यायची नाही. झाकण लावून बंद. आणि मिसेस के यांनी कार्डाबाहेरचा एक शब्द बोलायचा नाही. बोलायचा असल्यास गाइडचा बिल्ला परत करावा.

घरी मिलिंद म्हणाला, "आई, सोडून दे ना. तू काय त्या बॉम्बची नातेवाईक आहेस?"

"बॉम्बची नाही," मी म्हटले.

 उद्घाटनाच्या दिवशी मात्र मिलिंद मला सोडायला आला तो परत गेला नाही. आपल्या आजोबांच्या डोक्यावरची पेटी त्याने पाहिली नव्हती, पण ऐकली होती.

*

उद्घाटनाला शेड भरून गेली. कमिटी पुढच्या रांगेत. जॉइस खुर्चीत. मिलिंद, सूनबाई, रिया. मागे मंदाताई आणि विहारातल्या बायका. एका शाळेची मुले जमिनीवर बसलेली. बॉम्ब आरशासारखा चमकत होता. झाकण बंद. ते ग्रॅहमने आदल्या दिवशी स्वतः बसवले होते. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला एक स्क्रू. क्रेगने स्वतः ओढून पाहिले होते आणि म्हणाला होता, "ग्रॅहमचं काम. बघायलाच नको."

मी इस्त्रीची पांढरी साडी नेसले होते. पदराला बिल्ला. हातात कार्ड. पर्समध्ये बिल्ला ठेवायचे एक पाकीट, क्रेगचे नाव घालून तयार. त्या माणसांविषयीचे शेवटचे वाक्य मी बोलणार होते, आणि मग पाकीट क्रेगच्या हातात देणार होते. हे मी घरी कोणालाही सांगितले नव्हते.

लांबी सांगितली. वजन, वेग, इंजिन सांगितले. मग क्रेगने पुढे येऊन बटन दाबले.

आवाज सुरू झाला. पत्रा थरथरला, बॉम्ब थरथरला, पुढच्या रांगेतले कप बशीत वाजू लागले. जॉइसने डोळे मिटले. पूर्ण एक मिनिट.

मग आवाज थांबला.

"हलायचं नाही," मी म्हटले. "बारा मोजा."

कोणी हलले नाही. मी मनात मोजत होते. सहा. सात. आठ.

टण्!

एक स्क्रू सिमेंटच्या जमिनीवर पडला आणि घरंगळत क्रेगच्या बुटापाशी जाऊन थांबला. पाठोपाठ झाकण अलगद उघडले आणि बिजागरीवर लोंबकळत राहिले. वरच्या दिव्याचा उजेड थेट आत पडला होता. दिवा तिथे कोणी फिरवला, मला माहीत नाही.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "एक्सक्यूज मी, ते आत काय आहे? ती रेघ मध्येच तुटल्यासारखी का आहे?"

क्रेगने माझ्याकडे पाहिले. मी हातातले कार्ड पाहिले, दोन्ही बाजूंनी. "हे कार्डावर नाही," मी म्हटले. "पण मी शिक्षिका आहे. मुलाने प्रश्न विचारला, तर मला उत्तर द्यावं लागतं."

आणि मी दिले. सगळे. मंदाताई मागून "बरोबर!" म्हणाल्या, मराठीत. मुलीने विचारले, "त्या माणसाचं नाव काय होतं?" मी म्हटले, "ते आपल्याला माहीत नाही. म्हणून ही चार बोटं बघून ठेव." मुले रांग लावून एकेक करून आत डोकावली. मुलांच्या मागून कमिटीही उभी राहिली. पाकीट पर्समध्येच राहिले.

पाहुणे गेल्यावर मी बिजागरीचे सहा स्क्रू बोटांनी तपासले. एकही नखभर हलला नाही.

ग्रॅहमने सातवा पुन्हा बसवला. पुढच्या गुरुवारी, आवाजानंतर, आठाच्या आकड्यावर, टण्! क्रेगने नवा स्क्रू मागवला. ग्रॅहमने तोही बसवला. टण्! आता शाळेच्या बाया फोन करून विचारतात, "ते झाकण पडतं तोच बॉम्ब ना?" कमिटीने विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला आहे. दुसऱ्या कोणाकडून बसवून घ्यावे, असे अजून कोणी सुचवलेले नाही.

काल चहाच्या वेळी मी विचारलेच. "ग्रॅहम, चाळीस वर्षांत तुझा एक स्क्रू सैल निघाला नाही. हात बिघडला की काय तुझा?"

त्याने चहात साखर ढवळली, चमचा बशीत सरळ ठेवला.

"एकाच ठिकाणी, मिसेस के."